महाप्रजापती गौतमी : वेगळा संघ आणि वेगळी वागणूक



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप कमिटीकडून आला तेव्हा आम्ही बाबासाहेबांच्या चळवळीवर लिहू, असाच सर्वांचा समज होता. आमचाही तोच विचार होता. पण गेल्या वर्षावासात एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जाईना. आपल्याकडे रिवाजाप्रमाणे रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. त्या दिवशी वाचायची पाळी आमची होती आणि प्रकरण महाप्रजापती गौतमीच्या दीक्षेचं होतं. वाचन संपलं, सरणत्तयं झालं, आणि डाव्या बाजूला बसलेल्या महिला मंडळातून प्रश्न आला की बायकांचा संघ वेगळा काढला, तो मान म्हणून की लांब ठेवण्यासाठी? आम्ही काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. बाया हसल्या नाहीत, पण पटलंही नाही हे दिसत होतं. घरी आल्यावर जुनी पुस्तकं काढली. जे सापडलं आणि जे समजलं ते आमच्या भाषेत इथे मांडतो आहोत. आम्ही काही पाली पंडित नाही. गिरणीत साचे चालवता चालवता वाचायला शिकलेली माणसं आम्ही. चुकभूल द्यावी घ्यावी.

महाप्रजापतीचा जन्म देवदह इथला, कोलियांच्या घरातला. गौतमी हे तिच्या गोत्राचं नाव. तिची बहीण महामाया. दोघी बहिणी शाक्यांच्या शुद्धोदनाला दिल्या होत्या. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया वारली. सात दिवसांचं पोर, आईविना. ते मावशीने उचललं. तिला स्वतःचा मुलगा नंद आणि मुलगी सुंदरी नंदा होती. परंपरा सांगते की तिने नंदाला दाईच्या हाती दिलं आणि सिद्धार्थाला स्वतःच्या अंगावर पाजलं. आपल्या चाळीतल्या कोणत्याही आईला विचारा, ही गोष्ट केवढी आहे ते तीच सांगेल.

पुढे सिद्धार्थ घर सोडून गेला. सहा वर्षं तपश्चर्या, मग बोधगयेला संबोधी. बुद्ध म्हणून तो कपिलवस्तूला परत आला तेव्हा नंद गेला, नातू राहुल गेला. घर रिकामं होत चाललं. त्यानंतर शुद्धोदनही वारला. अट्ठकथेत असंही येतं की रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात भांडण पेटलं, ते तथागतांनी मिटवलं, आणि त्यानंतर दोन्हीकडचे कितीतरी तरुण भिक्खू झाले. मागे राहिल्या त्यांच्या बायका. या बाया महाप्रजापतीकडे येऊन बसू लागल्या. पुरुष माणूस घर सोडतो तेव्हा त्याला त्यागी म्हणतात. मागे राहिलेल्या बाईला काय म्हणायचं, याला तेव्हाही शब्द नव्हता.

आता एक प्रसंग सांगतो, कारण तो आमच्या धंद्याचा आहे. मज्झिम निकायात दक्खिणाविभंग नावाचं सुत्त आहे. त्यात महाप्रजापती नव्या कापडाची एक जोडी घेऊन तथागतांकडे जाते. ते कापड तिने स्वतः कातलेलं, स्वतः विणलेलं आहे. राजघराण्यातली बाई; दासींकडून विणून घेता आलं असतं. पण तिने स्वतः केलं. आम्ही साचेखात्यात उमेदवारी केली आहे. धोट्याबरोबर डोळा पळतो, सूत तुटलं की हात आपोआप जातो, आणि दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगड होतात. हातमागावर कापडाची जोडी विणायची म्हणजे किती दिवस बसावं लागलं असेल याचा अंदाज आम्हाला आहे. ते कापड ती आपण वाढवलेल्या मुलासाठी घेऊन आली. तथागतांनी ते स्वतःसाठी घेतलं नाही. संघाला दे, असं सांगितलं. संघाला दिलंस तर माझाही सन्मान होईल आणि संघाचाही. तिने तीनदा विनवलं, तीनदा हेच उत्तर मिळालं. तेव्हा आनंद मधे पडला आणि या बाईने तुम्हाला दूध पाजलं आहे याची त्यांना आठवण दिली. तथागतांनी उपकार नाकारले नाहीत. पण व्यक्तीला दिलेल्या दानापेक्षा संघाला दिलेलं दान मोठं, हे समजावून सांगितलं. गंमत अशी की त्या सुत्तात संघाला द्यायच्या दानाचे प्रकार मोजताना भिक्खुणी संघाचंही नाव येतं. म्हणजे ज्या संघासाठी ही बाई पुढे रडली, तो संघ या गोष्टीत आधीच उभा आहे! जुन्या ग्रंथांचं असं असतं. थर एकावर एक चढलेले असतात.

पुढची हकिगत चुल्लवग्गात आहे. तथागत कपिलवस्तूच्या निग्रोधारामात असताना महाप्रजापती त्यांच्याकडे गेली आणि स्त्रियांनाही प्रव्रज्या मिळावी अशी विनंती केली. एकदा नव्हे, तीनदा. तीनदा नकार मिळाला. ती डोळे पुसत परतली. तथागत वैशालीला निघून गेले.

इथे सामान्य बाई गप्प बसली असती. हिने काय केलं? केस कापले, काषाय वस्त्रं नेसली आणि शाक्य बायांचा मोठा जथा बरोबर घेऊन पायी वैशालीची वाट धरली. या बाया ५०० होत्या असं परंपरा मानते. पाली ग्रंथांत ५०० हा आकडा बऱ्याच ठिकाणी येतो, पुष्कळ या अर्थाने घ्यावा. कपिलवस्तू ते वैशाली हे अंतर आजच्या हिशेबाने २०० किलोमीटरांहून जास्त आहे. ज्या बायांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला नव्हता त्या अनवाणी चालल्या. परवानगी नव्हती, तरी केस आधी कापले आणि वस्त्रं आधी नेसली, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. मोर्चा कसा काढावा हे आम्ही लाल बावट्याकडून शिकलो, निळ्या झेंड्याखाली शिकलो. पण या बायांनी तो अडीच हजार वर्षांपूर्वी काढला होता.

महावनातल्या कूटागारशाळेच्या दाराबाहेर ती उभी राहिली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी. आनंदाने पाहिलं, विचारलं, आणि आत जाऊन तिची बाजू मांडली. त्यालाही नकार मिळाला. मग आनंदाने प्रश्न फिरवला. स्त्रीने घर सोडून या मार्गावर चालायचं ठरवलं, तर ती अर्हतपदापर्यंत पोचू शकते की नाही? तथागतांनी उत्तर दिलं की पोचू शकते. मग या मावशीने तुम्हाला वाढवलं, तिला का अडवायचं? अशा रीतीने परवानगी मिळाली. हे उत्तर कुणीही विसरू नये. त्या काळात वेद ऐकायलाही बाईला बंदी घालणारे लोक होते. इथे बाईची लायकी पुरुषाइतकीच, हे आधी मान्य झालं आणि मग संघ स्थापन झाला. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात हाच मुद्दा ठळक केला आहे. तथागतांचा सुरुवातीचा नकार स्त्रीला कमी लेखून नव्हता, व्यवहारातल्या अडचणींमुळे होता, असं त्यांनी दाखवलं. १९५१ साली 'महाबोधी' मासिकात त्यांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला. स्त्रियांच्या अधःपाताचा दोष बुद्धावर टाकणाऱ्यांना त्यात सडेतोड जबाब आहे.

पण परवानगीबरोबर आठ अटी आल्या. त्यांना गुरुधम्म म्हणतात. भिक्खुणी शंभर वर्षांची ज्येष्ठ असली तरी आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला तिने उठून वंदन करायचं. जिथे भिक्खू नाहीत तिथे वर्षावास करायचा नाही. दर पंधरवड्याला भिक्खूंकडून उपदेश घ्यायचा. नव्या बाईने दोन वर्षं शिकाऊ राहायचं आणि मग दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यायची. भिक्खुणीने भिक्खूला उपदेश करायचा नाही, भिक्खूने मात्र करायला हरकत नाही. बाकीच्या अटीही याच धर्तीच्या. महाप्रजापतीने त्या मान्य केल्या, आणि आनंदाने मान्य केल्या असं ग्रंथ सांगतो.

यावर विद्वानांत मतभेद आहेत. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या आपल्या मराठी पुस्तकात या आठ अटी मागाहून भिक्खूंनी घातलेल्या असाव्यात असं मत दिलं आहे. कारण विनयाची रीतच अशी की आधी चूक घडते, मग नियम होतो. इथे तर एकही भिक्खुणी नसताना आठ नियम तयार! शिवाय दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यायची अट घालायला दुसरा संघ होता कुठे? आम्हाला हे म्हणणं पटतं. पण नंतर घातले म्हणून ते नियम पाळले गेले नाहीत असं नाही. शतकानुशतकं पाळले गेले. त्यांचा परिणाम कुणावर झाला तो झालाच.

आणि महाप्रजापतीने सगळं मुकाट सोसलं असंही नाही. चुल्लवग्गातच पुढे आहे, पण विहारात वाचताना आपण तिथवर जात नाही. काही काळाने ती पुन्हा आनंदाकडे गेली. एक वर मागायचा आहे म्हणाली. भिक्खू आणि भिक्खुणी यांनी एकमेकांना वंदन करायचं ते ज्येष्ठतेप्रमाणे करावं, जो आधी आला त्याला नंतर आलेल्याने करावं, बाई-पुरुष असं पाहू नये. मागणं एवढंच. तिला संघ एक करायचा नव्हता. निवास वेगळा, पातिमोक्ख वेगळा, याबद्दल तिची तक्रार नव्हती. फक्त मान वाकवायची ती कशावरून, अनुभवावरून की देहावरून, एवढंच तिने विचारलं. उत्तर नकाराचं आलं. दुसऱ्या पंथांतही कुणी स्त्रीला वंदन करत नाही, असं कारण ग्रंथात दिलं आहे. आम्हाला हे कारण तथागतांच्या तोंडी शोभत नाही. लोक करत नाहीत म्हणून आपणही करू नये असं मानणारा माणूस उपालीसारख्या न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा देईल का? मागून आलेले राजपुत्र उपालीच्या पाया पडले. जातीचा ताठा मोडायला ज्येष्ठतेचा नियम वापरला, तोच नियम बाईच्या बाबतीत मागे घेतला गेला. कुणी घेतला, कधी घेतला, ते ज्याचं त्याने ठरवावं.

म्हणजे मग वेगळा संघ वाईट ठरला का? इथे आमचं मत सरळ एका बाजूला जात नाही.

सुरुवातीला भिक्खुणींना पातिमोक्ख माहीत नव्हता, म्हणून भिक्खू त्यांच्या निवासात जाऊन तो म्हणत. लोक वाटेल ते बोलू लागले, या यांच्या बायका, या यांच्या रखेल्या. तेव्हा भिक्खुणींनी स्वतः शिकावं आणि स्वतःच म्हणावं असा नियम झाला. लोकांच्या जिभेमुळे का होईना, विद्या बायांच्या हाती आली. धम्मदिन्नेने आपल्या पूर्वीच्या नवऱ्याला, विशाखाला, धम्म समजावून दिला आणि तथागतांनी तिच्या उत्तरांवर शिक्कामोर्तब केलं. खेमेने कोसलराजा प्रसेनजिताच्या प्रश्नांना उत्तरं दिली. पटाचारेच्या हाताखाली कितीतरी बाया तयार झाल्या. थेरीगाथेत ७३ कविता आहेत, सगळ्या बायांच्या नावावर. त्यांत महाप्रजापतीचीही आहे. एकाच संघात पुरुषांच्या मागच्या रांगेत बसल्या असत्या तर या आवाजांची कुणी नोंद ठेवली असती का, आम्हाला शंका आहे.

आणखी एक प्रसंग. षड्वर्गीय म्हणून काही खोडकर भिक्खू होते, विनयात त्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात. ते भिक्खुणींकडून मेंढीची लोकर धुऊन, रंगवून, विंचरून घेत. पुढे महाप्रजापती तथागतांना भेटायला गेली तेव्हा त्यांनी सहज चौकशी केली की भिक्खुणी नेटाने साधना करतात ना? ती स्पष्ट बोलली. कसली साधना, हे लोक आमच्याकडून लोकर धुऊन घेतात, अभ्यासाला वेळ कुठे उरतो! त्यावरून नात्यात नसलेल्या भिक्खुणीकडून लोकर धुऊन घेण्यास भिक्खूंना बंदी झाली. चीवर धुऊन घेण्याबद्दलही असाच नियम आहे. वेगळा संघ होता म्हणून त्याची प्रमुख होती, आणि प्रमुख होती म्हणून तक्रार वर गेली. घरात सासरी राबणाऱ्या सुनेची तक्रार कुणाकडे जाते?

दुसरी बाजूही आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्खुणींवर अत्याचार झाले, तेव्हा भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा नियम झाला. संरक्षण झालं, पण अरण्यातल्या एकांताची वाट बंद झाली ती बायांची. हे वाचताना आम्हाला आमची आई आठवली. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. बाया वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांतच असायच्या, साच्यावर नाही. खातं वेगळं म्हणून पगाराचा हिशेब वेगळा, आणि तो कमीच. रात्रपाळीला बायांना कायद्याने बंदी होती, त्यांच्या भल्यासाठी. मालकाने त्यातून अर्थ काढला की तीन पाळ्यांत चालणाऱ्या खात्यात बाई परवडत नाही. नवी यंत्रं आली, बाया कमी झाल्या. आईचं नाव कमी झालेल्यांच्या यादीत होतं. तेव्हा युनियनमध्ये यावर कुणी फार आवाज केला नाही. पुरुषांची कामं टिकली ना, मग झालं.

परत महाप्रजापतीकडे येऊ. तिने तथागतांकडे थोडक्यात उपदेश मागितला होता. धम्म कोणता आणि धम्म नव्हे तो कोणता, हे ओळखायची कसोटी त्यांनी तिला दिली. जे आसक्ती वाढवतं, बंधनात टाकतं, असंतोष आणि आळस वाढवतं तो धम्म नव्हे. जे याच्या उलट नेतं तो धम्म. एवढी मोठी कसोटी तथागतांनी एका बाईच्या हाती दिली. ती आजारी पडली तेव्हाची गोष्टही विनयात आहे. पूर्वी भिक्खू तिच्याकडे येऊन धम्म सांगत, आता नियमामुळे कुणी भिक्खुणींच्या निवासात येईना. तथागत स्वतः तिच्या बिछान्यापाशी गेले. तिने ही खंत बोलून दाखवली. त्यांनी तिला धम्म सांगितला आणि आजारी भिक्खुणीकडे जाऊन उपदेश करायला हरकत नाही अशी नियमात दुरुस्ती केली. माणसापायी नियम वाकला. भिक्खुणींत सर्वांत अनुभवी आणि ज्येष्ठ म्हणून त्यांनी तिला अग्रस्थान दिलं होतं.

तिचं निर्वाण वैशालीत झालं. अपदान ग्रंथात तेव्हा तिचं वय १२० दिलं आहे. तिच्याबरोबर निघालेल्या बायाही तिच्यासोबत गेल्या, असं त्यात वर्णन आहे. अंत्ययात्रेला तथागत स्वतः होते.

तिच्या संघाचं पुढे काय झालं तेही सांगतो. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत गेली आणि तिथे भिक्खुणी संघ उभा राहिला. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खुणींनी दिलेल्या लेण्याची आणि पाण्याच्या पोढीची नोंद शिलालेखात आहे. आपण दरवर्षी सहलीला जातो तेव्हा पाहत नाही एवढंच. पाचव्या शतकात लंकेच्या भिक्खुणी समुद्रमार्गे चीनला गेल्या आणि तिथल्या बायांना त्यांनी विधिवत उपसंपदा दिली. अकराव्या शतकाच्या सुमारास लंकेतला हा संघ संपला. भिक्खूंचा संघही तिथे मोडला होता, पण तो दुसऱ्या देशांतून पुन्हा आणता आला. १७५३ साली सयामहून उपाली थेर आले आणि उपसंपदा पुन्हा सुरू झाली. बायांचं मात्र अडलं. दोन्ही संघांकडून उपसंपदा हवी, आणि थेरवादात भिक्खुणी संघ कुठेच उरला नाही, मग देणार कोण? पुरुषाला दीक्षा घ्यायला बायांच्या संघाची संमती कधीच लागली नव्हती. कुलूप एकाच दाराला होतं. थायलंडमध्ये तर १९२८ साली संघराजांनी बायांना दीक्षा देऊ नये असा हुकूमच काढला. शेवटी १९९६ साली सारनाथला आणि १९९८ साली बोधगयेला लंकेच्या बायांनी उपसंपदा घेतली. बोधगयेला त्यासाठी चिनी परंपरेच्या भिक्खुणींची मदत झाली, म्हणजे लंकेच्या बायांनी पंधराशे वर्षांपूर्वी जे नेऊन दिलं होतं तेच परत आलं. अजूनही पुष्कळ महाथेर ही उपसंपदा मानत नाहीत.

आता त्या प्रश्नाचं उत्तर, जे आम्हाला त्या रात्री देता आलं नाही. आपल्या विहारात महिला मंडळ वेगळं आहे. ते बायांनीच काढलं, त्यांची भिशी, त्यांचं वाचन, त्यांचा हिशेब चोख असतो. ते मोडावं असं कुणीच म्हणत नाही. पण विहाराची फरशी बसवली तेव्हा त्यांच्याकडून वर्गणी घेतली, आणि विश्वस्त निवडताना त्यांचं वेगळं मंडळ आहे ना, म्हणून त्यांना बाहेर ठेवलं. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. संयुक्त महाप्रजापतीच्या कथेत ज्याला वर मागणं म्हटलं आहे तेच या बाया मागत होत्या, आणि आम्ही ऐकलं नाही.

येत्या वार्षिक सभेत घटनेच्या दुरुस्तीचा ठराव ठेवायला आम्ही सचिवांकडे लेखी दिलं आहे. विश्वस्त मंडळावर महिला मंडळाच्या भगिनींना मतासह जागा असावी, महिला मंडळ आहे तसंच वेगळं राहावं. सूचक म्हणून आमचं नाव आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. त्या रात्री प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी सही करावी म्हणून अर्ज त्यांच्या घरी दिला आहे.